उथळ रेघ

चित्रकला शिकवणाऱ्या विनोद सरांच्या घरी हाताने फिरवायचं छापयंत्र होतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला जुना बंगला पाडला, तेव्हा भंगारात त्यांना तांब्याचा कोरीव पत्रा मिळाला. त्यावर विलायतेतला रस्ता होता. वर सज्जात झालरीच्या कॉलरी घातलेली बडी माणसं, खाली ढोल वाजवणारा बाप आणि दोरावर चालणारी मुलगी. कोरणाऱ्याने बड्यांची बटणंसुद्धा खोल कोरली होती. खेळवाल्यांना नुसतं ओरखडून सोडलं होतं. सरांना त्याचा रागच आला. उथळ रेघ प्रत्येक छापाला झिजते, एवढं त्या बाबाला कळत नव्हतं थोडंच!

सरांनी पत्र्याला शाई लावून छाप काढले. तिसऱ्या छापात ढोल उमटला नाही.

त्या आठवड्याच्या बाजारात हौशीराम डोंबाऱ्याचा खेळ लागला होता. दोरावर त्याची पोरगी सारजा. तिला सरांनीच हेडमास्तरांशी भांडून पाचवीत बसवलं होतं. हौशीराम घाम गाळून ढोल बडवत होता. आवाज येत नव्हता.

"कातडं कालच ताणलंय, सर. आन् आज बोलतच न्हाई बगा."

सर हसले, पण तिसरा छाप आठवून तडक घराकडे वळले. घरी येऊन पाहिलं, तर त्याच छापात मुलगीही पुसट उमटली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात खिडकीपाशी बसलेली सारजा त्यांना फिकी दिसली. तिच्या वेणीच्या आरपार मागची भिंत दिसत होती.

पोरीला काही झालं तर?

त्यांनी कोरणी घेतली. पत्र्यावरच्या मुलीची वेणी, पोटऱ्या, पायाची बोटं खोल केली. पण कोरलेलं जमलं का, हे छापल्याशिवाय कळत नाही, आणि छापलं की झीज होते. तरी ते छापत राहिले.

पुढच्या बाजाराच्या सकाळी मुलगी बड्यांइतकीच ठसठशीत उमटली. सरांना रडू आलं. मग त्यांचं लक्ष तिच्या पावलांखाली गेलं.

तिथे कोरा कागद होता. दोराची रेघ झिजून गेली होती; ती खोल करायची राहिलीच होती.

ते अनवाणी धावले.

बाजारात दोन्हीकडचे बांबू उभे होते. मधे काही नव्हतं. हौशीराम मुका ढोल बडवत होता, लोक टाळ्या वाजवत होते.

वर, हवेत, हातात काठी आडवी धरून सारजा थांबली होती. सरांना पाहून तिने हळूच विचारलं,

"सर, फुडचा पाय कुठं ठिवू?"