एक नोंद जास्त

काम तसं अर्ध्या तासाचं होतं. थोरली ज्या ॲपमध्ये आईच्या नोंदी ठेवायची ते महिनाअखेरीला बंद होणार होतं, तसा निरोप आला होता. त्याआधी सगळ्या नोंदी नव्या ॲपमध्ये हलवायच्या, एवढंच. आईचा डोळा लागला तशी धाकटी थोरलीचा टॅब घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. आतल्या खोलीतून हवेच्या गादीच्या पंपाची घरघर येत होती, आणि मलमाचा गोडसर वास.

थोरलीला जाऊन दोन महिने झाले होते. झोपेतच गेली. आईची उजवी बाजू लुळी पडल्यापासून अकरा वर्षं तिनेच आईचं सगळं केलं. तेवढी वर्षं धाकटी दुसऱ्या शहरात, चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासत होती. आता दुकान सोडून ती इथे आली होती आणि उठता-बसता आईच्या तोंडून एकच वाक्य ऐकत होती.

"थोरली असं नव्हती करत."

उशी ठेवली तरी तेच, चहा पाजला तरी तेच. मेलेल्या माणसाशी बरोबरी करायची तरी कशी? त्याच्या हातून कधी चहा सांडत नाही.

जुन्या ॲपमध्ये अकराशे चाळीस नोंदी होत्या. तिने त्यांची फाइल काढली, नव्या ॲपमध्ये चढवली. निळी पट्टी हळूहळू भरत गेली आणि खाली आकडा उमटला. अकराशे एक्केचाळीस.

काहीतरी दोनदा आलं असेल म्हणून तिने सगळं पुसलं आणि पुन्हा चढवलं. पुन्हा अकराशे एक्केचाळीस. जास्तीची नोंद सगळ्यात वर होती. तारीख आजची.

'उजव्या टाचेला लाल डाग. पोटरीखाली उशी घे, टाच अधांतरी राहू दे.'

ती आत गेली. आईच्या पायावरची चादर तिने अलगद उचलली. टाचेवर शर्टाच्या बटणाएवढा लाल डाग होता.

दुसरं कुणी असतं तर आधी घाबरलं असतं. धाकटीच्या मनात आधी आलं ते वेगळंच. सकाळी अंग मी पुसलं, पाय मी पुसले, आणि डाग दिसला तो थोरलीला.

भीती नंतर आली. तिने पासवर्ड बदलला, टॅबचं इंटरनेट बंद केलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला नवी नोंद आली. मग रोजच येऊ लागली. 'खिडकीचा पडदा अर्धाच ओढ, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते.' 'गोळी कडू लागते, आधी घोटभर पाणी दे.' सगळं खरं निघायचं. धाकटी दात-ओठ खात ते करायची, आणि आईला बरं वाटायचं. ती नीट झोपू लागली, दोन घास जास्त खाऊ लागली.

"अगदी थोरलीसारखं करतेस गं," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. "हाताला तिचंच वळण आहे."

धाकटी हसली. दार लावल्यावर मात्र बराच वेळ कडीवरचा हात तिला काढवेना.

मग तिने चंगच बांधला. साडेतीनलाच आईचं अंग नखशिखान्त तपासायचं आणि नोंद आपणच आधी लिहायची. 'दंडावर पुरळ,' तिने एकदा लिहिलं. चार वाजता तिच्या डोळ्यांदेखत ते शब्द एकेक करून पुसले गेले आणि तिथे आलं, 'पुरळ नाही. चादरीचा वळ आहे. नीट बघत जा.'

शाळेतही थोरली तिच्या वह्या अशाच खोडून दुरुस्त करायची.

त्या दुपारी तिने सगळ्या नोंदींमध्ये स्वतःला शोधलं. अकरा वर्षांत एकच नोंद सापडली.

'धाकटीचा फोन आला. दोन मिनिटं बोलली. आई दिवसभर तिचंच कौतुक सांगत बसली. मी इथेच असते, तरी मी दिसत नाही.'

धाकटीने ती चार वेळा वाचली. जळायची तर. इतकी वर्षं तीही जळतच होती. धाकटीला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात तिने आधी जुन्या ॲपमधलं खातं बंद केलं. मग नव्या ॲपमधली थोरलीच्या नोंदींची सगळी वही निवडली. कायमचं पुसायचं का, असं विचारलं गेलं. तिने 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले. टॅब कोराच राहिला. आपली वही सुरू करावी म्हणून धाकटी तो घेऊन आईच्या उशाशी बसली.

आई जागी होती. ती छताकडे बघत होती.

"तू तिची वही फाडलीस," आई म्हणाली.

आईला टॅब नीट दिसतही नव्हता, आणि धाकटीने कुणाला काही सांगितलं नव्हतं. "कुणाची, आई?"

"रुसली ती. म्हणाली… तुझं आता धाकटी बघेल."

"कधी म्हणाली?"

"आत्ता. तू यायच्या आधी… तुझ्याच खुर्चीत होती." आईने मान वळवून धाकटीकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या नजरेत माया होती. "म्हणाली, मला आता धाकटीकडे बघायला हवं."

मांडीवरचा टॅब उजळला. एक नवी वही उघडली होती. वहीवर नाव होतं, 'धाकटी'. आत एकच नोंद.

'रात्री डाव्या कुशीवर झोपते. श्वास मिनिटाला सोळा. उजवा हात पलंगाबाहेर लोंबतो, तो मी आत घेते. आज दोनदा शब्द अडखळला, तिच्या लक्षात आलं नाही. उद्यापासून चमच्याने भरवायचं.'

पंपाची घरघर चालूच होती. उन्हाची तिरीप पलंगाच्या पायापर्यंत आली होती.

"आई," धाकटी म्हणाली. शब्द नीट उमटला. तिने तो पुन्हा म्हणून पाहिला. मग टॅब मिटावा म्हणून तिने उजवा हात उचलला.

हात उचलला गेला. पण जरा उशिरा.