तीन नंबरची टिकटिक

पावसाची सर अशी अचानक आली, की सायकली ठेवायच्या पत्र्याखाली दोघं दोन बाजूंनी धावत शिरली आणि एकमेकांवर आदळता आदळता राहिली.

"तुम्ही इथल्याच का?" त्याने डोकं झटकत विचारलं.

"हो. का?"

"मग एक सांगा – ती वर कोण बया बसते हो?"

"वर कुठे?"

"ऐकायच्या खोलीत! मी खाली घाम गाळून एकेक रेकॉर्ड दाबतो, आणि ही महाराणी वर पंख्याखाली बसून 'टिकटिक येते' म्हणून खोकीच्या खोकी परत पाठवते. कानात मधमाश्या पाळल्यात की काय तिने?"

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण त्याच्या नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब लटकत होता, आणि तो पडल्याशिवाय रागवायचं कसं, हेच तिला कळेना.

"पंखा नाहीये तिथे," ती म्हणाली. "आवाज होतो म्हणून काढून टाकलाय."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच ती बया."

थेंब पडला. आणि तो भर पावसात चालता झाला. ती मात्र सर ओसरेपर्यंत एकटीच हसत उभी राहिली. घरी जाताना तिला आठवलं, की त्याला चार शब्द सुनावायचे राहूनच गेले.

गाण्यांच्या रेकॉर्डी छापायचा तो कारखाना एके काळी तीन पाळ्यांत चालायचा. मग लोक गाणी खिशात घालून हिंडायला लागले, आणि काळ्या तबकड्यांना विचारतो कोण! एक नंबरच्या प्रेसवर ताडपत्री पडली, पाठोपाठ दोन नंबरच्या. तीन नंबर तेवढा सुरू होता, तोही दुसरीकडचा. महिन्याभरापूर्वी पलीकडच्या गावातला कारखाना बुडाला तेव्हा मालकांनी तिथला प्रेस आणला, आणि प्रेससोबत तो चालवणारा माणूसही आणला. म्हणून त्या माणसालाही सगळे 'तीन नंबर'च म्हणायचे. 'तीन नंबर तापलाय' म्हटलं, की यंत्र की माणूस, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

आणि तिला सगळे म्हणायचे कानसेन. पंचवीस रेकॉर्डींच्या खोक्यातली एक काढायची, हेडफोन लावून दोन्ही बाजू ऐकायच्या, पहिल्या मिनिटात किती वेळा खटका येतो ते तक्त्यावर लिहायचं. खोट सापडली, की अख्खं खोकं परत. सहा वर्षांत तिचा शब्द कुणी खोडला नव्हता. अन् आता दोन आठवडे झाले, तीन नंबरच्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये टिक... टिक... टिक. बारीक, पण चुकता चुकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो वर आला. दारावर पाटी होती : 'धातूचे दागिने बाहेर ठेवावेत.' त्याने इमानदारीत घड्याळ काढलं, अंगठी काढली, बक्कल वाजेल म्हणून पट्टासुद्धा काढला आणि एका हाताने पँट सावरत आत आला.

"कालचं... म्हणजे ते महाराणी वगैरे..."

"बसा. आणि पँट सांभाळा."

त्याने तिचाच हेडफोन लावून पूर्ण बाजू ऐकली. "काही नाहीये यात!"

तिने हेडफोन घेतला. टिक... टिक... "आहे की! तुम्हाला ऐकू येत नाही, यात रेकॉर्डचा काय दोष?"

"मला ऐकू येत नाही?" तो तापला, आणि तेवढ्यात त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली. काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक चांदीचं पदक होतं, नखाएवढं, त्यावर देवाची खूण. "हे काय? पाटी फक्त माझ्यासाठी आहे का?"

"हा दागिना नाही. देव आहे."

"देव आहे तर चांदीचा कशाला?"

"तुमचं डोकं मांसाचं आहे, म्हणून त्याला कुणी मटण म्हणतं का?"

त्याला हसू आलं होतं, तिने ते स्पष्ट पाहिलं. पण माणूस हट्टाला पेटला, की हसूही गिळतो. "नियम तो नियम," म्हणत तो पट्टा उचलून थेट मालकांकडे गेला.

झालं! राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो? दुपारी जेवणाच्या टेबलाशी अख्खा कारखाना जमला. अख्खा म्हणजे अकरा माणसं, पण आवाज शंभरांचा. कुणी म्हणालं, आज पदक, उद्या कुंकू पुसायला सांगतील. कुणी म्हणालं, नियम सगळ्यांना सारखा हवा. मालकांनी डोकं धरून तोडगा काढला : पदकावर चिकटपट्टी लावायची.

"देवाच्या तोंडाला पट्टी?" रेकॉर्डींना पाकिटं घालणाऱ्या मावशी उसळल्या. "साहेब, तुमच्या तोंडाला लावा आधी!"

मग ती उठली. एरवी ती चार माणसांत बोलायची नाही. "माझ्या आईने शेवटच्या आजारात स्वतःच्या गळ्यातलं काढून हे माझ्या गळ्यात घातलं," ती म्हणाली. "मी ते अंघोळीलासुद्धा काढत नाही. रेकॉर्डला ते शिवतही नाही. माझ्या पदकाने कुणाचं काही बिघडलंय, असं दाखवून द्या. मग बोला."

पाटी राहिली, पदकही राहिलं, आणि तीन नंबर मात्र सगळ्यांच्या नजरेतून उतरला. त्याच्या टेबलावर जेवायला कुणी बसेना. जिंकली ती होती. मग तिचा डबा अर्धा का उरत होता, कोण जाणे.

तो मात्र येत राहिला, रोज नाही, दोन दिवसांआड. कधी साचा घासून आल्यावर, कधी उष्णता कमी करून पाहिल्यावर नवी रेकॉर्ड घेऊन दारात उभा. "आता बघा." ती ऐकायची, मान हलवायची. तो रेकॉर्ड काखेत मारून जायचा. एकदा जाताना म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या आईंचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं." आणि तिने घाईघाईने तक्त्यात डोकं खुपसलं, कारण कान गरम झाल्याचं तिला जाणवलं होतं.

गुरुवारी मालकांनी सांगून टाकलं. चोवीस खोकी परत आलेली. गिऱ्हाईक एकच उरलेलं, तेही वैतागलेलं. शनिवारी चार वाजता त्याचा फोन येणार. तोपर्यंत खोट सापडली नाही तर चोवीसच्या चोवीस खोकी भरडायची, तीन नंबर बंद करायचा, आणि तीन नंबरला... म्हणजे माणसाला... दुसरीकडे काम बघायला सांगायचं. त्या माणसाचा एक कारखाना आधीच बुडाला होता, हे तिच्या मनातून जाईना.

शुक्रवारी तो वर आला तो अनवाणी. हातात तिचेच जुने तक्ते.

"बूट कुठे गेले?"

"बाहेर. हे पाहा, माझ्या काही डोक्यात शिरत नाही. रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेरे घेते. खोट रेकॉर्डमध्ये असेल तर ती दर फेऱ्याला यायला हवी. तुम्ही लिहिलंय बहात्तर. सत्तर. चौऱ्याहत्तर. हे कुठल्या हिशेबात बसतं?"

ती चमकली. इतक्या दिवसांत हे तिच्या लक्षात कसं आलं नाही? "दोन-तीन ओरखडे असतील, असं धरून चालले मी..."

"असेल. आणि दुसरं म्हणजे..." तो जरा अडखळला, "मी ज्या दिवशी वर येतो ना, त्या दिवशी आकडा वाढतो. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. परवा तर एकशे चार. माझ्या बुटांनी जमीन हादरत असेल, सुई उडत असेल. म्हणून म्हटलं, आज अनवाणी जाऊन बघू."

एवढा मोठा बाप्या, मोज्यांना भोक पडलेलं, आणि चेहरा असा गंभीर! "ठेवा तक्ते," ती म्हणाली. "मी बघते."

शनिवारी दुपारी ती एकटीच बसली. हेडफोन लावला, सुई ठेवायला हात पुढे केला... आणि तसाच थांबला. रेकॉर्ड फिरतच नव्हती. यंत्र बंद होतं. आणि कानात चाललंच होतं : टिक... टिक... टिक.

तिने खाली पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी जुना हेडफोन बिघडला म्हणून हा नवा आणला होता. याची वायर बारीक, एकाच बाजूने येणारी, छातीवरून खाली जाणारी. पदक बरोबर त्या वायरीवर टेकलेलं. गळ्याखालची नाडी उडायची, की पदक वायरीला हळूच टोचायचं, आणि वायर तो आवाज इमानेइतबारे कानात पोचवायची. तिने वायर उचलून धरली. शांतता. सोडली... टिक.

रेकॉर्डी निर्दोष होत्या. चोवीसच्या चोवीस खोकी. ती तीन आठवडे स्वतःचीच नाडी ऐकत होती!

आणि मग ते आकडे आठवले. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी झाकलं.

तसं पाहिलं तर सोपं होतं. वायर गुपचूप मागे सारायची, 'टिकटिक गेली बाई एकदाची' म्हणायचं. कोण विचारणार होतं? पण मग ती चोवीस खोकी भरडली जाणार, आणि त्या माणसाच्या कपाळावर खराब कामाचा शिक्का कायमचा. आणि खरं सांगायचं, तर साऱ्या कारखान्यासमोर ती छातीवर हात ठेवून बोलली होती, माझ्या पदकाने कुणाचं काही बिघडलंय का, दाखवा. आता दाखवणारी तीच. पदकही जाईल, नोकरीही जाईल... तिने हेडफोन उचलला आणि जिना उतरली.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं, बुटांच्या शंकेसकट. विश्वास बसेना म्हणून हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, आणि ती समोर वायर पदकाखाली धरून उभी राहिली.

"अरेच्चा!" मालक पुटपुटले. "हे तुझं काळीज?"

"नाडी, साहेब."

"म्हणजे सहा वर्षांत पहिल्यांदा तुझा कान चुकला."

"कान नाही चुकला. आवाज होताच. तो कुठून येतो, ते मी चुकले. ज्याची चूक नव्हती त्याला तुम्ही माझ्या शब्दावर काढायला निघालात. मला कामावरून काढा, साहेब. पण पदक काढायला सांगू नका, तेवढं माझ्याने होणार नाही."

तेवढ्यात दार वाजलं आणि तीन नंबर आत आला. हातात प्रेसच्या किल्ल्या, द्यायला आणलेल्या.

मालकांच्या भुवया वर गेल्या. "अगं... अगं, हे धावायलाच लागलं की!" त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग पुन्हा तिच्याकडे. मुरलेला माणूस, त्याने चाळीस वर्षं गाणी विकली होती, सुरात काय आहे ते त्याला सांगावं लागत नाही. हेडफोन काढून त्यांनी तीन नंबरपुढे धरला. "घे. तुझ्या बुटांचा आवाज ऐक."

तिने वायर सोडायला हवी होती. सोडली नाही. त्याने हेडफोन लावला, ऐकत राहिला... आणि त्याच्या कानांच्या पाळ्यांपासून लाली चढत चढत थेट कपाळाला भिडली.

"साहेब," हेडफोन काढत तो म्हणाला, "वायर खुर्चीच्या मागून घेतली तर पदक काढायची गरजच काय? मी खिळा ठोकतो ना. आत्ता ठोकतो."

"अरे, पदक काढा म्हणणारा तूच ना?"

"मूर्ख होतो साहेब."

मालक हसले आणि टेबलावरच्या फोनकडे वळले, कारण तो वाजायला लागला होता. चार वाजले होते.

संध्याकाळी माल भरायला ट्रक दारात लागला. मार्चअखेरपर्यंत काम पुरेल, असं मालकांनी सगळ्यांना सांगितलं. पुढचं खोटं वचन देणार नाही, असंही सांगितलं. तरी मावशी गुणगुणत पाकिटं तपासत होत्या. बारीक पाऊस होता. ती आणि तो खोकी उचलून ट्रकवर चढवत होते.

"तुमची तीन आठवड्यांची मेहनत मी पाण्यात घालत होते," ती म्हणाली. "रागवा ना थोडं."

"रागवायला वर येतच होतो की. दर दोन दिवसांनी." त्याने खोकं ठेवलं, हात पुसले, पुन्हा पुसले. "मार्चअखेर म्हणजे... आठ महिने. तेवढे पुरतील?"

"कशाला?"

"तुमच्या बाबांना मनवायला. माझ्या घरी देवाधर्माचं कुणी काही करत नाही, तुमच्याकडे सगळे करणारे. कारखाना असा. मी असा..."

"बाबा आठ दिवसांत तयार होतील. त्यांना मी ओळखते."

"आणि तुम्हाला किती दिवस हवेत?"

आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकायचं काम करणारी ती मुलगी. तिने मान वर केली, त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "मला दिवस कशाला हवेत? मला तुम्ही आवडता. आज, आत्ता, या पावसात. मी तयार आहे."

एवढं बोलून ती पुढचं खोकं उचलायला वळली, कारण चोवीसपैकी एकोणीस अजून खालीच होती, आणि तो नुसता उभा होता.