वेष्टनावरची पाठमोरी

"वेष्टन फेकायचंच असतं, बाई. पुस्तक आत असतं."

असं म्हणून अलीम ते फाडायला लागला आणि मी त्याचं मनगट धरलं. ओळख ना पाळख. सेहेचाळीस साल होतं. नगरच्या कॅम्पातले साहेब घरं मोकळी करत होते. एका मेलेल्या मडमेच्या अद्भुत कादंबऱ्या, सगळ्या पहिल्या आवृत्तीच्या, बांधणीसाठी अलीमच्या दुकानात आल्या होत्या. मी मिशनच्या शाळेत शिकवायची आणि असली पुस्तकं जमवायची. आमच्या वस्तीत याला सैतानाचा नाद म्हणत.

त्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. त्याच्या अंगठ्याचं टोक कागद कापायच्या पातीनं कधीतरी नेलेलं होतं. ते मी पाहिलं... आणि पाहतच राहिले.

पुढं तो वेष्टनं माझ्यासाठी ठेवू लागला. एकाच कथेचे चार भाग. पहिल्यावर धुक्यातली वाट आणि एक पाठमोरी बाई. दुसऱ्यावर तिची मान किंचित वळलेली. तिसऱ्यावर गाल दिसे – फक्त गाल. ती तीन वेष्टनं भिंतीला लावल्यापासून माझ्या खोलीत भर उन्हाळ्यात ओल्या पाचोळ्याचा वास येई.

"चौथं कुठंय?"

"हरवलं."

"खोटं बोलताना तू खळ ढवळतोस."

तो हसला, आणि ढवळतच राहिला.

आमचे धर्म दोन आहेत, हे सांगायला अख्खं गाव पुढं. जेवलीस का, हे विचारणारा तो एकटा. बाबांनी मला देवळालीच्या शांतवन मास्तरांना द्यायचं ठरवलं, तेव्हा मी अलीमला सांगितलं. म्हणाला, माणूस चांगला असेल. भेकड कुठला!

साखरपुड्याला निघायच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये माझ्या गीतांच्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला. अलीमनंच बांधलेलं पुस्तक. बांधणारे आत अस्तराला रद्दी कागद चिकटवतात. त्या अस्तरात मला धुकं दिसलं.

तशीच दुकानात गेले. पाणी लावून कागद सोडवला. चौथं वेष्टन. चेहरा माझा होता, डोळ्याखालच्या तिळासकट. छपाईचं साल माझ्या जन्माआधीचं.

"भ्यालो मी," अलीम म्हणाला. "वाटलं, ती तुला आत ओढून नेईल. म्हणून देवाच्या पुस्तकात कोंडली."

मी घडी उलगडली. मागची बाजू त्यानं पाहिलीच नव्हती. तिथं कंदील धरून एक माणूस उभा होता. तोंड मिटलेलं. अंगठ्याला टोक नाही.

"ती जात नव्हती, अलीम. मागं वळून वाट बघत होती. आणि हा मुडदा गप्प."

बाहेर टांग्यातून बाबा हाका मारत होते. मी पाठ फिरवली. उंबऱ्यापर्यंत काहीच ऐकू आलं नाही... एक पाय बाहेर पडला.

"हन्ना. जाऊ नकोस."

मी वळले. मेजावर वेष्टन ओलं पसरलेलं होतं. धुकं होतं, वाट होती. वाटेवर आता कोणीच नव्हतं.

आणि माझं मनगट टोक नसलेल्या अंगठ्याच्या हातानं घट्ट धरलेलं होतं.