बदल झाल्यास कळवावे

त्या रविवारी आन्केचे बाबा, हिन्रिक, ओल्या कागदात गुंडाळलेली कोळंबी घेऊन आले. उत्तर समुद्रातली, करड्या रंगाची, करंगळीएवढीसुद्धा नाही अशी. बाहेर भणाण वारा होता आणि बंधाऱ्यावरच्या मेंढ्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. एम्डेन या बंदराच्या गावातला नेहमीचा रविवार, दुसरं काही नाही.

"फ्रिजमध्ये ठेवतो," हिन्रिक म्हणाले आणि दार उघडून उभेच राहिले. "कुठल्या फळीवर?"

"वरची माझी. खालची रूबेनची."

"दोन लोणी, दोन दुधं, मोहरीच्या दोन बरण्या..." त्यांनी टेबलापाशी बसलेल्या रूबेनकडे वळून पाहिलं. "पोरा, तुम्ही घर चालवताय की सीमा राखताय?"

"सीमा तुमच्या लेकीने आखलीय, काका. मी बिचारा पलीकडचा रहिवासी. मध्ये एकदा तिचं एक अंडं चुकून खाल्लं, तर मला ते परत आणून द्यावं लागलं."

"नियम आहे, बाबा," आन्के म्हणाली. ती हसत होती, पण नियम खराच होता. खेडोपाडी फिरणारी वाचनालयाची बस बंद झाली तशी तिची नोकरी गेली होती, आणि ती आता बेकारी भत्त्यावर राहत होती. एका घरात दोन माणसं नुसती राहत असतील तर ती दोन माणसंच. पण ती जोडपं असतील, एका चुलीवर जेवत असतील, तर एकाच्या पगारात दोघांनी भागवावं आणि भत्ता विसरावा. म्हणून दोन लोणी.

रूबेन त्या बसमध्येच भेटला होता. पाऊस चुकवायला आत शिरला आणि निथळत उभा राहिला. तो जुन्या चर्चमधले नळ्यांचे मोठे ऑर्गन दुरुस्त करायचा आणि कामासाठी दूरच्या डोंगराळ मुलखातून इकडे आला होता. "काय वाचता?" तिने विचारलं. "पाऊस थांबेपर्यंत पुरेल असं काहीही," तो म्हणाला. पाऊस थांबेना. त्याला राहायला खोली हवी होती, आणि तिच्याकडे एक रिकामी होती.

खोली बघायला आला त्या दिवशी तिने चहा केला. कपात खडीसाखर, वरून कढत चहा, साखर तडतडते, मग सायीचा एक ढग. बस झालं की चमचा कपात ठेवायचा, एवढं इकडे लहान मुलालाही कळतं. त्याला ठाऊक नव्हतं. ती ओतत राहिली, तो पीत राहिला. शेवटी केविलवाणा होऊन म्हणाला, "तुमच्याकडे चहा संपत नाही का हो?"

त्या रविवारी तिघं मिळून कोळंबी सोलत होते. मधल्या वाडग्यात हात एकदमच जायचे, बोटांना बोटं लागायची आणि आन्के उगाचच खिडकीबाहेर बघायची... हिन्रिक वाडग्यातच बघत सोलत होते.

निघताना दाराशी कोटाची बटणं लावत ते हळूच म्हणाले, "पोरगा बरा आहे."

"बाबा, तो नुसता फ्लॅटमेट आहे."

"मी कुठे काय म्हटलं? कोळंबी बरी सोलतो, एवढंच."

तिची नोकरी गेल्यापासून ते दर रविवारी येत होते. कधी बटाटे, कधी मासे, कधी नुसतीच खबर. आणि एकदाही, अगदी एकदाही त्यांनी 'कामाचं काय झालं?' असं विचारलं नव्हतं. ते आन्केच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी ते बोलावंसं तिला वाटलं. पण त्या घरात असं कुणी कुणाशी बोलत नसे. ती म्हणाली, "सावकाश जा. वारा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिन्रिक बूट घालायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

*

नंतरचे आठवडे आन्केला एखाद्या धुक्यातून आठवतात. त्यात दोन गोष्टी मात्र लख्ख आहेत.

पहिली, अंत्यविधीच्या दिवशीचा ऑर्गन. त्यांच्या गावातल्या चर्चमधला एक खालचा सूर तिच्या लहानपणापासून दमेकऱ्यासारखा घरघरायचा. लग्न असो, बारसं असो, तो आला की सगळे गालातल्या गालात हसायचे. त्या दिवशी तो सूर आला आणि घरघरला नाही. खोल, स्वच्छ वाजला आणि बराच वेळ तिथेच राहिला. तिने मान वळवली. मागच्या बाकावर रूबेन खाली बघत बसला होता. नखांत काळी धूळ होती.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या फळीवरचं सूप. ती जेवत नव्हती. एका संध्याकाळी फ्रिज उघडला, तर तिच्या फळीवर झाकण ठेवलेलं पातेलं. बटाटे, गाजर, मिरपूड जरा जास्तच. तिने ते उभ्याउभ्याच खाल्लं. दोन दिवसांनी दुसरं पातेलं आलं. सीमा ओलांडली गेली होती, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी ब्र काढला नाही.

ती 'थँक्स'सुद्धा म्हणाली नाही. म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्याच्यामागून आणखी काय काय बाहेर आलं असतं... आणि मग? 'माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि हो, उद्यापासून मला पोस.' हे एका दमात कसं सांगायचं? भत्ता गेला तर ती त्याच्या पगारावर. त्याच्या प्रेमावर नव्हे, पगारावर. तो हो म्हणाला असता हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीती त्याचीच होती.

एकत्र राहून वर्ष झालं की भत्ता देणाऱ्या रोजगार कार्यालयाला शंका येते. तसंच झालं. एक बाई घर बघायला येणार, असा निरोप आला.

"काय काय लपवायचं?" रूबेनने विचारलं.

"लपवण्यासारखं आहे काय?"

"काहीच नाही... आहे का?"

"नाही," आन्के म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

*

आयलर्सबाई सकाळी आल्या, तेव्हा रूबेन कामावर गेला होता. बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, कोट ओला. त्यांनी दोन खोल्या पाहिल्या, दोन पलंग पाहिले, दोन टूथब्रश एकमेकांपासून अंतर राखून आहेत हेही पाहिलं. मग फ्रिज.

"वरची फळी तुमची? सूप छान दिसतंय."

"मी नाही केलेलं. रूबेनने केलंय." खोटं बोलणं आन्केला कधीच जमलं नव्हतं. "माझे बाबा गेले... तेव्हापासून करतो."

बाईंनी फ्रिजचं दार हलकेच लावलं. "दुःखातलं सूप मी हिशेबात धरत नाही," त्या म्हणाल्या. "चहा मिळेल का?"

चहा झाला. बाईंनी चमचा कपात ठेवला आणि त्या उठल्या. "ठीक आहे तर. तुम्ही दोघं जोडपं नाही. भत्ता चालू राहील."

एक 'हो' म्हटलं की झालं. आन्केने कपाची कड पुसली. मग पुन्हा पुसली.

"बाई, एक विचारू? तुमच्याकडे असं असतं ना, की परिस्थितीत काही बदल झाला तर लगेच कळवायचं?"

"असतं."

"मग मला एक बदल कळवायचाय. मला... तो आवडतो. खूप. रात्रंदिवस. हे कळवावं लागतं का?"

आयलर्सबाई पुन्हा खाली बसल्या. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग अजून बदल झालेला नाही." चष्मा चढवून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पोरी, आम्ही चूल बघतो, मन नाही. पण खोटा धीर देणार नाही. चूल एक झाली की भत्त्याचं गणित बदलतं. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, आणि मग मला कळवायचं. बाकी तू ही जी बातमी दिलीस ना, ती चुकीच्या माणसाला दिलीस. मला अजून तीन घरं बघायची आहेत."

दारापाशी कोट चढवताना त्या पुटपुटल्या, "इतक्या वर्षांत असं कळवणारी तू पहिलीच गं बाई."

*

रूबेन त्या दिवशी पेवसुम गावाच्या वाटेवरच्या एका लहानशा चर्चमध्ये होता. आन्के सायकलवरून निघाली. वारा समोरून, पावसाची बारीक झिमझिम गालाला टोचत होती. वाटेत तिला दहा वेळा वाटलं, परत फिरावं. भत्ता आहे, सूप आहे, तो पलीकडच्या खोलीत आहे. आणखी काय पाहिजे? पण तिला दाराशी उभे असलेले बाबा दिसत होते, बटणं लावणारे. 'सावकाश जा. वारा आहे.' तेवढंच घेऊन गेले होते ते.

चर्चमध्ये एक लांबलचक सूर चालू होता. एकटा असला की सूर चालू राहावा म्हणून रूबेन ऑर्गनच्या पट्टीवर शिशाचा ठोकळा ठेवून आत शिरायचा. लाकडी जिना चढून ती वर गेली.

"कोण आहे?" ऑर्गनच्या पोटातून त्याचा आवाज आला.

"मी."

"आन्के? बरं झालं! तो ठोकळा काढ आणि त्याच्या शेजारची पट्टी दाबून धर. मला एका हाताने जमत नाहीये."

तिने पट्टी दाबली. आत कुठेतरी टकटक झाली, सूर थरथरला, सावरला.

"बाई आल्या होत्या?"

"येऊन गेल्या."

"मग? आपण जोडपं नाही ना?" आवाज हसरा होता, पण त्यात काहीतरी अवघडलेलं होतं. "की लोण्याने दगा दिला?"

"नाही म्हणाल्या. अजून नाही."

आतली टकटक थांबली. "...अजून म्हणजे?"

"रूबेन, बाहेर येऊ नकोस. तू दिसलास तर मला बोलता येणार नाही."

"हललोसुद्धा नाही. आणि हलणार तरी कुठे, डोक्यावर नळ्या आहेत." मग अगदी हळू आवाजात, "बोल."

आन्केने पट्टीवरचं बोट उचललं. सूर विरला, भाता एकदा सुस्कारला आणि चर्च इतकं शांत झालं की काचेवरची झिमझिम ऐकू यायला लागली.

"गावातला तो सूर तू नीट केलास, ते मला त्याच दिवशी कळलं. सूप केलंस. मला काही विचारलं नाहीस. बाबांनीही कधी विचारलं नाही, आणि ते किती मोठं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाहीये. भत्ता जाईल तर जाऊ दे, मी काम शोधीन. भांडी घासायचं मिळालं तरी करीन, आणि तुझ्याशी दोन्ही फळ्यांवरून भांडीन. पण हे राहून जायला नको..."

तिने श्वास घेतला.

"तू आहेस म्हणून मी आहे, रूबेन. माझं तुझ्यावर प्रेम आहे."