हुंबऱ्यांचं उष्टं

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी हरकत नाही. जेवता जेवता मोबाईल बघायची सवय असेल, तर मात्र ताट आधी बाजूला सारा.

संयोगिता हुंबरे माझी मावसबहीण. कोल्हापुरात राजारामपुरीत एकटी राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ती तोंडावर हसायची.

मागच्या वर्षीचा मार्च. मंगळवार. आणि वेळ रात्रीची नव्हे... टळटळीत दुपारची, साडेबाराची.

तेव्हा ती हुंबऱ्यांचा कुलवृत्तांत लिहीत होती. चार वर्षं झाली होती. शिरोळ, हातकणंगले, गगनबावडा आणि कोल्हापूर अशा चार ठिकाणी हुंबरे सापडले होते. आडनाव एक, पण एकमेकांशी नातं काय, याचा कागद कुठेच मिळेना. तो नसेल तर पुस्तक म्हणजे नुसती नावांची यादी.

तिला तो कागद हवा होता, काही झालं तरी.

त्या मंगळवारी हेळवी आला. घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारे आणि दारोदार जाऊन वाचून दाखवणारे हे लोक. पूर्वी बैलावरून यायचे. हा शिवानंद मोटारसायकलवरून आला.

तो खड्या आवाजात एकेक नाव वाचत गेला. मग एका पानाशी थांबला. पानावर तळहात ठेवला.

"आक्का, ह्या पानाला ताट लागतंय. पयलं भरलेलं ताट वाढायचं, मग बाईचं नाव घ्यायचं. आमच्या आज्यापासनं रीत हाय."

"कोण बाई?"

"उपाशी हाय ती."

संयोगिताला हसू आलं. "वाढते हं," म्हणत तिनं त्याला हात धुवायला आत पाठवलं. तो वळल्याबरोबर मोबाईलवर पानाचा फोटो काढला. मोडी तिला येत होती. तिनं नाव वाचलं... मोठ्यानं.

तानाबाई. पिराजी हुंबरेची पहिली बायको.

पिराजी म्हणजे संयोगिताचे पणजोबा. त्यांना आधीची बायको होती, हे घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

शिवानंद ओल्या हातांनी तसाच बाहेर आला. चोपडी बांधली. चहाला हात लावला नाही.

"चूक केलीसा आक्का," एवढंच म्हणाला आणि गेला.

ती जेवायला बसली. ज्वारीची भाकरी, पिठलं, दही. पाणी राहिलं म्हणून उठली. परत आली, तर...

भाकरीचा एक घास गेलेला होता.

तोडलेला नव्हे. चावलेला.

काठ ओला होता. चिकट, चोथा झालेला. दात नसलेल्या तोंडानं हिरड्यांनी चोखून चोखून काढल्यासारखा. लाळेची एक तार तिथून ताटापर्यंत लोंबत होती. आणि वास... दिवसचे दिवस पोटात काही नसलं की तोंडाला येतो, तसला आंबूस.

ती मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

दार बंद होतं. खिडकीला जाळी होती. मांजर असेल, घूस असेल, तिनं स्वतःची बरीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दह्यात चाटलेलं बोट फिरवल्याची खूण. तिसऱ्या दिवशी आमटीवर थुंकीचा फेस. चौथ्या दिवशी तिनं स्वयंपाकच केला नाही, केळी आणली. एक सोललं...

आतून चावलेलं होतं.

आणि रोज साडेबाराला स्वयंपाकघरातून आवाज यायचा. चप... चप... चप...

आत गेलं की बंद.

दहाव्या दिवशी ती दप्तरखान्यात गेली. आता शोधायला एक नाव तरी हातात होतं. संस्थानकाळातल्या चौकश्यांचे कापडात बांधलेले गठ्ठे तिनं सोडायला घेतले. शोधाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, कागद निघाला. साल १९११.

तक्रार शेजारणीची होती. मूल होत नाही म्हणून पिराजीनं तानाबाईला गोठ्यात ठेवलं होतं. घरातल्या सगळ्यांचं जेवण झालं की ताटांतलं उष्टं एका परातीत निपटायचं आणि परात तिच्यापुढे सरकवायची. चोखलेली हाडंसुद्धा. सात वर्षं. पुढे पुढे तेही बंद केलं.

खाली चार भावांचा जबाब. चार अंगठे.

"सदर नावाची बाई आमचे घरी कधीही नव्हती."

पिराजी आणि त्याचे तीन भाऊ. भावांतला एक पुढे शिरोळला गेला, एक हातकणंगल्याला, तिसरा मूळ गावी गगनबावड्यातच राहिला आणि पिराजी कोल्हापुरात आला. संयोगिताच्या याद्यांतले मूळपुरुष हेच. चार वर्षं शोधत होती तो कागद हाच. सगळे हुंबरे एका रक्ताचे, याला पुरावा एकच, आणि तो म्हणजे चौघांनी मिळून दिलेली ही खोटी साक्ष. भाकरी बघून आली नव्हती एवढी किळस तिला ते अंगठे बघून आली.

तिचे चुलते हंबीरराव हुंबरे परिवार समितीचे अध्यक्ष; पुस्तक समितीच काढत होती, मे महिन्यातल्या मेळाव्यात. तिनं त्यांना सगळं वाचून दाखवलं.

"नातं जुळलं न्हवं? मग झालं की. भावांची नावं घे. बाकीचं कशाला उकरतीस?"

"काका, निदान तिचं नाव तरी घालूया."

"मे म्हयन्यात चारशे माणूस येणार हाय. त्यास्नी काय सांगू, आमच्या आज्यानं बायकू उपाशी मारली? घरची अब्रू चव्हाट्यावर मांडायला पुस्तक काढलंय व्हय?"

ती दोन दिवस भांडली. मग गप्प बसली. चार वर्षांची मेहनत होती आणि पुस्तकावर तिचं नाव येणार होतं. तळटीपेत तिनं लिहिलं, चौकशीच्या एका कागदावरून भावांचं नातं सिद्ध होतं. चौकशी कसली, ते लिहिलं नाही. मला हे सांगताना तिची नजर जमिनीकडे होती.

मे महिन्यातला रविवार. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. फेटे झाले, भाषणं झाली, पुस्तक निघालं. साडेबाराला पंगत बसली. मटण, भाकरी, तांबडा-पांढरा. हंबीरराव म्हणाले, "करा सुरू."

आणि चारशे माणसांचा तो गलका... एकदम थांबला.

संयोगितानं आपल्या ताटात पाहिलं. मग शेजारच्या. मग ओळीच्या टोकापर्यंत.

प्रत्येक भाकरीचा एक घास गेलेला होता.

ओला. चिकट.

तोच आंबूस वास अख्ख्या कार्यालयात पसरला होता.

कुणी ओरडलं नाही. कुणी वाढप्याला बोलावलं नाही. शिरोळच्या एका बाईनं पदर नाकाला लावला, एवढंच.

हंबीररावांनी मान खाली घातली. ओला काठ दोन बोटांनी खुडला, ताटाच्या कडेला सारला आणि उरलेली भाकरी रश्श्यात बुडवून तोंडात घातली. हाताला सवय असावी, तसं.

मग शेजारच्यानं तेच केलं. मग त्याच्या शेजारच्यानं. तशाच सराईत बोटांनी.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हे मार्चपासून एकट्या तिच्याच घरी चाललेलं नव्हतं. शिरोळात, हातकणंगल्यात, गगनबावड्यात, घरोघरी चाललं होतं. आणि चारशेतल्या एकानंही ब्र काढला नव्हता.

ती पण जेवली.

"भूत परवडलं गं," ती मला म्हणाली. "मला त्या पंगतीची शिसारी आली. आणि सगळ्यांत जास्त माझी."

शिवानंदाला तिनं फोन केला, ताट वाढू का म्हणून विचारलं. "आता वाढून बघा," म्हणाला आणि फोन ठेवला.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात जमिनीवर तानाबाईच्या नावानं ताट वाढलेलं होतं. गरम भाकरी, वर तुपाची धार. रोज वाढते म्हणाली. त्याला कुणी शिवत नाही. उन्हाळ्याचे दिवस, घरात माश्या घोंघावत होत्या... त्या ताटावर एकही बसत नव्हती.

माझं आडनाव वेगळं. माझी भाकरी अख्खी होती.

तिची नव्हती. वळून आमटी घेईपर्यंत घास गेला होता. मी समोर बसले होते, मला काही दिसलं नाही. फक्त आवाज आला... चप.

संयोगितानं ओला काठ खुडला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशीचा गुडघा कसा आहे आता?"

आणि उत्तराची वाट बघत जेवत राहिली.