झाड तोडण्याआधीची हाक

माझा मामा एरवी राईचा पर्वत करणारा. ही घटना मात्र त्याने मीठमसाला न लावता सांगितली, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणून मी ती खरी मानतो.

मामाकडचं जंगल अख्ख्या गावाच्या मालकीचं. ओल्या झाडाला हात लावायचा नाही. वाळलेल्यांपैकी कोणतं तोडायचं, ते गाव बसून ठरवतं. तोडीचं काम मामाकडे आणि त्याच्या धाकट्या भावाकडे, बारक्याकडे. करवत लावण्याआधी कुऱ्हाडीच्या दांड्याने खोड ठोकायचं आणि ओरडायचं, "वर कोण आहे?" कारण मध काढणारा कधी ढोलीत हात घालून बसलेला असेल, सांगता येत नाही.

मागच्या वर्षी बारक्या घाईत होता. त्याने हाक मारलीच नाही.

झाडासोबत मधवाला खाली आला. फांदी छातीतून आरपार गेली होती.

"अपघात झाला," बारक्याने गावाला सांगितलं. मामा गप्प बसला.

यंदा, दिवस कलता कलता, दोघे भाऊ दुसऱ्या वाळक्या झाडाखाली उभे होते. वारा पडला होता.

मामाने खोड ठोकलं. "वर कोण आहे?"

...

"मी."

मामाने वर पाहिलं. वर एक पान नव्हतं. माणूस तर नव्हताच.

"कोणीतरी थट्टा करतंय, दादा." बारक्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मेलेल्यांना मी भीत नाही!"

त्याने करवतीचं यंत्र सुरू केलं.

"बारक्या, बंद कर ते!"

करवत अर्ध्या खोडात अडकली. मग उसळली... आणि थेट बारक्याच्या मानेत घुसली. रक्ताची चिळकांडी मामाच्या तोंडावर उडाली. मामाने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, तरी बोटांमधून रक्त वाहतच होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला...

सालीवर नखं घासत कोणीतरी खाली उतरत होतं.

मामा पळाला. सख्ख्या भावाला टाकून पळाला.

माणसं घेऊन तो परतला, तेव्हा झाडाखाली करवत होती. रक्ताचं थारोळं होतं.

बारक्या नव्हता.

तो वर होता. शेंड्याजवळच्या बेचक्यात अडकलेला, मान लोंबत असलेला.

अर्धं कापलेलं झाड करकरत होतं. चढायला कोणी धजेना. "गेलाय तो," सोबत आलेला गावचा सुतार हळूच म्हणाला. "झाड पाडून देह तरी खाली आणू. पण आधी हाक मार. नियम म्हणजे नियम."

मामाने रडत रडत खोड ठोकलं.

"वर कोण आहे?"

"दादा... मी आहे. वर ये ना."

सगळ्यांनी ऐकलं. आवाज बारक्याचाच होता. मामाने खोडाला हात घातला... आणि काढून घेतला. त्याची हिंमतच झाली नाही.

तो खालीच उभा राहिला. झाड कडाडलं आणि आपोआप कोसळलं.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या जखमेनेच गेला. नेमका कधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"तो जिवंत असेल, तर मी त्याला दोनदा टाकलं," मामा मला म्हणाला. "आणि नसेल, तर मला दादा म्हणणारा तो कोण होता रे?"