मोहाचा वास

सुई टोचण्याआधी रुपाने श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडाला मोहाचा वास येत होता. सकाळी आठ वाजता!

शहापूरच्या बाजारातल्या या लहानशा लॅबमध्ये ती चार वर्षं रक्त-लघवी तपासत होती. पण वासाचं शिक्षण तिचं घरचं. शेणव्याला, तिच्या गावी, बाप बारा वर्षं मोहाची दारू प्यायला. तो दारात यायच्या आधी वास ओटीवर यायचा. म्हणून वत्सलामावशी स्थळं आणू लागली तेव्हा रुपाने एकच अट घातली — काळा चालेल, गरीब चालेल, पिणारा नको. मावशी मिक्सर फिरवतानाही ओवी म्हणणारी बाई; तिने ती अट ओवीतच गुंफली —

दारी आला नवरा गो, वास घ्यावा वाऱ्याचा
मोहाखालून आला का, बांधावरून भाताचा

"उपाशीपोटी आलात ना?" रुपाने विचारलं.

"उपाशीच, मॅडम. भाताचं शीत पोटात गेलं नाय, दोन महिने झाले. अंडी, मटण, काकडी... बस."

"आणि पिणं?"

तो ओशाळला. "दिवसाला दोन गिलास."

"दोन!"

"कमी हाय, ठाऊक हाय मला. वाढवायचंय. पण ड्युटीवर ध्यानातच राहत नाय..."

"ड्युटीवर?" रुपाच्या हातातला कापसाचा बोळा खाली पडला. "कुठं असते ड्युटी?"

"भातसानगरला, धरणावर."

तिने कागदावरचं नाव वाचलं. भगीरथ, मुक्काम मुरबाड. रविवारी बघायला येणारा तो हाच! मावशीने आणलेल्या फोटोत सदऱ्याची बटणं ताणलेली बघून तीच हसली होती, "पोट आधी येईल गो मावशी, नवरा मागून!" आता पोट नव्हतं. डोळे मात्र फोटोतलेच — आणि ते डोळे तिने, कुणाला न सांगता, चारदा बघितले होते.

"रविवारी शेणव्याला येऊ नका," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. "म्हणजे तुमी... पोट आधी येईल म्हणालात त्या?"

रुपाचे कान तापले. मावशीच्या पोटात काही राहील तर शपथ!

"त्या एका बोलण्यासाठी भात सोडला मी. घरच्या झिनी तांदळाचा! आई म्हणते, पोराला भुताचं झाड लागलं."

"भात सोडला आणि मोहाची धरली!"

"मोहाची? मी?" तो खुर्चीतून उठलाच. "आईशप्पथ, हळदीला सगळे पितात तेव्हा मी सरबत ढवळत बसतो!"

"मग दोन गिलास काय?"

"पाणी, मॅडम! पाणी!"

पण वास तर येतच होता... तिने त्याला बसवून रक्त काढलं, मग त्याने दिलेल्या लघवीच्या बाटलीत पट्टी बुडवली. बघता बघता एक चौकोन जांभळा झाला — पिकल्या जांभळासारखा. रक्ताचा रिपोर्ट निघाल्यावर दोन्ही घेऊन ती आतल्या डॉक्टरबाईंकडे धावली. बाई हसल्या.

"अगं, हे किटोन. भात-भाकरी, साखर बंद केली की शरीर चरबी जाळतं, यकृत तिचे किटोन बनवतं. थोडे श्वासातून निघतात, पिकल्या फळासारखा वास येतो. याची साखर ठीक आहे, घाबरू नकोस."

"आणि किडनी?"

"क्रिएटिनिन चांगलं आहे. किडनी आधीच दुखावलेली असती तर हा खेळ महागात पडला असता. पण इतकं मटण आणि इतकंसं पाणी? मुतखडा होईल म्हणावं."

रुपा बाहेर आली ती कमरेवर हात ठेवूनच. "नाव भगीरथ! धरणावर बसून अख्ख्या मुंबईला पाणी पाजता, आणि स्वतः दोन गिलास?"

"मघाशी पितो म्हणून हाकललंत, आता पीत नाय म्हणून ओरडता... माणसानं करायचं काय?"

रुपाला हसू आवरेना. तोही हसला, मग हळूच म्हणाला, "रविवारी... येऊ?"

"आमच्यात पोहे देतात. पोहे म्हणजे भातच, ध्यानात हाय ना?"

रविवारी त्याने पोह्यांच्या दोन बशा चाटूनपुसून संपवल्या, वर तो तांब्याभर पाणी प्यायला. त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावला — झाड उतरलं! मावशीने दोघांना बोलायला परसात धाडलं. शेवग्याखाली रुपा पायाने पाचोळा सारत राहिली.

"बोल की गो काहीतरी," तो म्हणाला.

"श्वास सोडा."

"हितं?"

"तपासणी हाय."

त्याने श्वास सोडला. रुपा एक पाऊल पुढे आली... डोळे मिटले... आणि तशीच उभी राहिली, तपासणीला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशी ओरडली, "कसला गो वास?"

"भाताचा!"

खिडकीमागे बायका खिदळल्या. भगीरथ लाजून म्हणाला, "बघ हां... पोट परत येईल."

"येऊ दे की आधी," रुपा म्हणाली. "मागून तुमी आलात म्हणजे झालं."